डीएसएलआरवर इन्फ्रारेड फोटो काढायचेत? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

इन्फ्रारेडच्या फोटोत हिरवी झाडं पांढरी येतात, त्यामुळे तो कुणाला दाखवला की पहिला प्रश्न येतो "हा बर्फ कुठला?" आणि दुसरा "कुठलं ॲप?" बर्फ नाही आणि ॲप पण नाही, जुनी डीएसएलआर आणि तिच्यापुढं एक काळी काच, म्हणजे इन्फ्रारेड फिल्टर, बास. सतत विचारले जाणारे प्रश्न खाली एकत्र केलेत. क्रम माझ्या मर्जीचा आहे, जिथं सांगण्यासारखं जास्त तिथं लांबण लावलीय आणि जिथं दोन ओळीत भागतं तिथं दोन ओळीत भागवलंय.

इन्फ्रारेड म्हणजे ते थर्मल कॅमेऱ्यावालं का, गरम-थंड दाखवणारं?

नाही, आणि हा गोंधळ सगळ्यात जास्त होतो. थर्मल कॅमेरा साधारण ८ ते १४ मायक्रॉन (म्हणजे ८००० ते १४००० नॅनोमीटर) लहरींचं रेडिएशन बघतो, म्हणजे वस्तूच्या अंगातून बाहेर पडणारी उष्णता. आपण जे करतोय ते त्याच्या कितीतरी अलीकडचं, ७०० ते १००० नॅनोमीटर, म्हणजे लाल रंग डोळ्याला दिसेनासा होतो त्याच्या लगेच पलीकडचा पट्टा. हा प्रकाश उन्हातून येतो, वस्तूवर आपटतो आणि परत फिरून लेन्समधे शिरतो, अगदी नेहमीच्या प्रकाशासारखाच, फक्त आपल्याला दिसत नाही. कॅमेऱ्याचा सिलिकॉन सेन्सर ११०० नॅनोमीटरच्या आसपास आंधळा होतो आणि थर्मलवाली उष्णता तर लेन्सच्या काचेतून आतच येत नाही, त्यामुळे वाफाळता चहा आणि फ्रीजमधली बाटली यांच्या तापमानातला फरक आपल्या फोटोत दिसणार नाही.

मग झाडं पांढरी का होतात?

पानातलं क्लोरोफिल लाल आणि निळा प्रकाश खातं, थोडा हिरवा परत पाठवतं म्हणून पान हिरवं दिसतं. पण ७०० च्या पुढं क्लोरोफिलला त्या प्रकाशाशी काही देणंघेणं उरत नाही, तिथं ते जवळपास पारदर्शक होतं, मग प्रकाश पानाच्या आत शिरतो, पेशी आणि त्यांच्यामधल्या हवेच्या पोकळ्या यांच्यात इकडून तिकडं आपटत राहतो आणि त्यातला साधारण निम्मा परत बाहेर येतो. हिरव्या प्रकाशात त्याच पानातून जेमतेम दहा-पंधरा टक्के परत येतो, म्हणजे बघा किती फरक पडला. याला वुड इफेक्ट म्हणतात, रॉबर्ट वुड या अमेरिकन शास्त्रज्ञाच्या नावावरून, त्यांनी असे फोटो १९१० मधे छापून आणले. लाल रंगाच्या पलीकडं काहीतरी आहे हे मात्र त्याच्या खूप आधी, १८०० साली कळलं होतं, विल्यम हर्शेलनी प्रिझममधून ऊन पाडून लाल पट्ट्याच्या बाहेर थर्मामीटर ठेवला आणि तिथं काहीच दिसत नसताना पारा चढला.

निळं आकाश काळं पडतं त्याचं कारण वेगळं आहे. हवा निळा प्रकाश जास्त विखुरते आणि लांब लहरींचा कमी, ४५० नॅनोमीटरच्या निळ्याच्या मानानं ८०० चा प्रकाश साधारण दहापट कमी विखुरला जातो, म्हणजे आकाशात इन्फ्रारेड उरतच नाही फारसा. ढगांचे थेंब मोठे असतात, ते सगळंच परत फेकतात, म्हणून ढग तसेच पांढरे राहतात आणि काळ्या आकाशावर एकदम उठून दिसतात. पाणी इन्फ्रारेड पितं, त्यामुळे नदी, तळं काळं. आणि आपला सह्याद्रीतला बेसाल्टचा दगड डोळ्यालाही काळा आणि इन्फ्रारेडमधेही काळाच, हे महाराष्ट्रात राहणाऱ्याचं नशीब म्हणायचं, कारण काळ्या दगडाचं देऊळ आणि भोवती पांढरी झाडी हा कॉन्ट्रास्ट आयताच मिळतो.

माझा कॅमेरा इन्फ्रारेड बघतो का, हे घरी कसं तपासू?

टीव्हीचा रिमोट घ्या. त्याच्या पुढच्या एलईडीतून साधारण ९४० नॅनोमीटरचा प्रकाश येतो. रात्री खोलीत अंधार करा, कॅमेरा टेबलावर ठेवा, रिमोट लेन्सच्या समोर हातभर अंतरावर धरा, बटण दाबून ठेवा आणि दोन ते पाच सेकंदाचं एक्स्पोजर द्या, म्हणजे तेवढा वेळ शटर उघडं ठेवा. एलईडीच्या जागी ठळक ठिपका आला तर कॅमेरा बऱ्यापैकी इन्फ्रारेड आत घेतोय, अगदी मिणमिणता आला तर कंपनीनं आत चांगलीच नाकेबंदी केलीय. मोबाईलच्या सेल्फी कॅमेऱ्यात हा ठिपका बऱ्याचदा जांभळट दिसतो, करून बघा, पोरांना पण मजा वाटते.

पण कंपन्या तो अडवतात कशाला?

कारण नेहमीच्या फोटोत तो नको असतो. काळे सिंथेटिक कपडे तपकिरी-जांभळट दिसायला लागतात, रंग बिघडतात आणि फोकसही जरा सैल पडतो. म्हणून सेन्सरच्या पुढं इन्फ्रारेड अडवणारी काच बसवलेली असते, तिला हॉट मिरर म्हणतात. पूर्ण अडवत कुठलीच नाही, थोडं गळतंच, आणि आपला सगळा खेळ त्या गळतीवर.

कॅनन १५००डी आहे माझ्याकडं, चालेल? का दुसरा घेऊ?

चालेल, पण धीर लागेल. कॅननच्या डीएसएलआरमधली ती काच बऱ्यापैकी कडक असते, त्यामुळे भर उन्हात सुद्धा दहा, वीस, तीस सेकंद द्यावे लागतात. याउलट निकॉनचे जुने ६ मेगापिक्सेलवाले, डी७० (२००४ चा), डी५०, डी४०, यांची काच ढिली आहे, डी७० वर टळटळीत दुपारी एक-दोन सेकंदात फोटो येतो. आज हे कॅमेरे नेहमीच्या कामाला कुणी विचारत नाही, कुणाच्या तरी कपाटात पडलेले असतात. काकांचा किंवा मामाचा डी४० धूळ खात पडला असेल तर आधी तो मागून बघा, नवीन काही घेण्याच्या फंदात पडू नका. डी७० ला सीएफ कार्ड लागतं, एसडी नाही, आणि लाईव्ह व्ह्यू (मागच्या स्क्रीनवर बघून फोटो काढायची सोय) या तिघांतही नाही, तेवढं लक्षात ठेवा.

आणि एक, कॅननचे २०डीए आणि ६०डीए नावाचे जे मॉडेल येत होते ते ताऱ्यांच्या फोटोसाठी, ६५६ नॅनोमीटरचा लाल जास्त घेण्यासाठी होते. "ए वालं मॉडेल आहे, इन्फ्रारेडला बेस्ट" म्हणून कुणी विकत असेल तर हात जोडून निघा.

फिल्टर कुठला घेऊ? ७२०, ७६०, ८५०, ९५० एवढे दिसतात.

७२०. पहिला तोच घ्या, डोकं चालवू नका. होयाचा आर७२ हा त्यातला सगळ्यात नावाजलेला, जुनी मंडळी ८९बी म्हणतात तो साधारण हाच. स्वस्तातले ७२० पण मिळतात आणि सुरुवातीला चालतात, फक्त काही काही थोडा लाल प्रकाश जास्त सोडतात.

आकड्याचा अर्थ एवढाच की साधारण तिथून पुढचा प्रकाश आत येतो आणि अलीकडचा अडतो. ७२० मधे लाल रंगाचा शेवटचा शेपटीचा भाग थोडा येतो म्हणून फोटोत थोडे रंग उरतात आणि मग नंतर त्यांच्याशी खेळता येतं. ८५० ला रंग जवळपास संपतात, निव्वळ ब्लॅक अँड व्हाईट, कारण सेन्सरवरचे लाल-हिरवे-निळे रंगीत ठिपके तेवढ्या लांब गेल्यावर तिघंही सारखेच पारदर्शक होतात. ९५० मात्र मूळ अवस्थेतल्या कॅमेऱ्यावर लावून काही उपयोग नाही, काळोखच येईल.

साईझ लेन्सच्या टोपणाच्या आतल्या बाजूला किंवा लेन्सच्या तोंडावर लिहिलेली असते. कॅननच्या १८-५५ किट लेन्सला (कॅमेऱ्याबरोबर येते ती) ५८ मिलिमीटर, निकॉनच्या १८-५५ ला मॉडेलप्रमाणे ५२ किंवा ५५. दोन-तीन लेन्स असतील तर सगळ्यात मोठ्या तोंडाचा फिल्टर घ्या आणि बाकीच्यांना स्टेप-अप रिंग (छोट्या तोंडावर मोठा फिल्टर बसवायची कडी), प्रत्येक लेन्सला वेगळा फिल्टर घ्यायची गरज नाही.

घरच्या घरी फिल्टर बनवता येतो म्हणतात?

येतो. फोटो न काढता डेव्हलप केलेली स्लाईड फिल्म, म्हणजे स्लाईडच्या रोलची काळी शेपटी, ती इन्फ्रारेड आरपार सोडते. दोन थर करून लेन्सपुढं धरल्या की झालं, शार्पनेसची मात्र अपेक्षा ठेवू नका. एक्स-रे ची फिल्म वापरून बघणारे खूप भेटतात, ती चालत नाही, तिचा काळेपणा चांदीच्या कणांचा असतो आणि चांदी इन्फ्रारेड पण अडवते. रंगीत फिल्मचा काळेपणा रंगांचा, म्हणून ती चालते.

बरं, फिल्टर आला. आता फोटो काढायचा कसा?

मूळ अवस्थेतल्या डीएसएलआरची अडचण ही की फिल्टर लावला की व्ह्यूफाइंडरमधे ठार अंधार. म्हणून सगळं काम फिल्टर लावायच्या आधी उरकायचं. कॅमेरा ट्रायपॉडवर, फ्रेम ठरवा, फोकस करा, मग लेन्सवरचं बटण एम किंवा एमएफ वर टाका म्हणजे ऑटोफोकस परत हलणार नाही, आणि आता फिल्टर फिरवून लावा, हलक्या हातानं, फोकस रिंगला धक्का न लावता. (बऱ्याच किट लेन्समधे पुढचा भागच फोकसबरोबर फिरतो, तिथं दोन बोटांनी रिंग धरून ठेवायची आणि दुसऱ्या हातानं फिल्टर लावायचा, एकदा जमलं की जमलं.) मोड मॅन्युअल, फाइल रॉ मधे (सेन्सरचा कच्चा डेटा, जेपीजी नाही), आयएसओ म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता २०० किंवा ४००, ॲपर्चर म्हणजे लेन्सचं भोक एफ/८ (आकडा मोठा तितकं भोक बारीक), शटर दहा सेकंदापासून सुरू करा, आणि दोन सेकंदाचा सेल्फ टायमर किंवा रिमोट.

यात एक गोष्ट हमखास राहते, मागचा व्ह्यूफाइंडर झाकायची. लांब एक्स्पोजरमधे उन्हाचा प्रकाश मागून, डोळा लावायच्या भोकातून आत शिरतो आणि फोटोत फिकट पट्टे येतात. कॅमेऱ्याच्या पट्ट्यावर एक छोटं रबरी झाकण असतं ते त्यासाठीच असतं, नसेल तर काळा रुमाल टाका.

लाँग एक्स्पोजर नॉईज रिडक्शन चालू ठेवलं तर कॅमेरा तेवढाच वेळ अजून घेतो, वीस सेकंदाच्या फोटोला वीस सेकंद थांबा, पण उन्हात तापलेल्या जुन्या कॅमेऱ्यावर ते चालू ठेवलेलंच बरं, लाल-निळे ठिपके बरेच कमी होतात.

कॅमेऱ्याचं मीटर काहीतरीच सांगतं, एक्स्पोजर ठरवू कसं?

मीटरकडं, म्हणजे उजेड मोजणाऱ्या भागाकडं, दुर्लक्ष करा. ते व्ह्यूफाइंडरजवळ बसलेलं असतं आणि दिसणाऱ्या प्रकाशावर चालतं, त्याला इन्फ्रारेड किती आहे याची गंधवार्ता नसते. एक फोटो काढा, हिस्टोग्राम (फोटोत उजेड कुठं किती आहे त्याचा आलेख) बघा, आणि तोही तिन्ही रंगांचा वेगवेगळा बघा, कारण ७२० ला लाल चॅनल (फोटोतला लाल रंगाचा थर) सगळ्यात आधी फुटतो, म्हणजे उजेडानं भरून जातो, आणि एकत्र हिस्टोग्राम सगळं आलबेल दाखवत असतो. लाल उजव्या कडेला धडकला असेल तर वेळ कमी करा, डावीकडं गठ्ठा असेल तर दुप्पट करा. एका जागी उन्हाचा अंदाज आला की दिवसभर तेच सेटिंग थोड्याफार फरकानं चालतं.

फोटो शार्पच येत नाहीत, लेन्स खराब आहे का?

बहुतेक नाही. इन्फ्रारेडचा फोकस दिसणाऱ्या प्रकाशापेक्षा थोडा मागं पडतो, म्हणजे डोळ्यानं बरोबर दिसलेला फोकस सेन्सरवर जरासा चुकलेला असतो. जुन्या मॅन्युअल लेन्सवर अंतराच्या खुणेशेजारी एक लाल ठिपका किंवा लाल रेघ असायची ती यासाठीच, फोकस करायचा आणि मग तो आकडा लाल खुणेवर आणायचा. आजच्या किट लेन्सवर ती खूण नाही, मग एफ/८ वर काढा आणि वाईड बाजूला, १८ ते २४ मिलिमीटरला राहा, डेप्थ ऑफ फील्डमधे (जेवढ्या अंतरातलं सगळं शार्प दिसतं त्यात) चूक भरून निघते. टेली (लांबचं जवळ आणणाऱ्या) लेन्सवर मात्र दोन-चार फोटो फोकस रिंग किंचित किंचित सरकवत काढायचे आणि मोठे करून बघायचे, दुसरा इलाज नाही. लाईव्ह व्ह्यू असेल तर फिल्टर लावून, आयएसओ वाढवून, भर उन्हात काही कॅमेऱ्यांत अंधुक चित्र दिसतं, दिसलं तर त्यावरच फोकस करा, ते सेन्सरवरून येतं म्हणून चूक होत नाही.

आणि "मग एफ/२२ च करतो की" असं करू नका. लहर लांब तसं डिफ्रॅक्शन (बारीक भोकातून जाताना प्रकाश पसरतो ते) जास्त, ८०० नॅनोमीटरला एफ/११ म्हणजे नेहमीच्या फोटोतला साधारण एफ/१६ झाला. एफ/११ च्या पुढं गेलात की सगळंच मऊ पडतं.

फोटो लालभडक येतो. सेन्सर गेला का?

सेन्सर ठणठणीत आहे, ७२० चा फोटो असाच येतो, स्क्रीनवर कुंकू सांडल्यासारखा. व्हाईट बॅलन्स, म्हणजे पांढरं कशाला धरायचं ते कॅमेऱ्याला सांगणं, लावायचा राहिलाय. उन्हातलं हिरवं गवत किंवा झाडाची पानं फ्रेमभर घ्या, फिल्टर लावूनच, आणि त्यावर कस्टम व्हाईट बॅलन्स सेट करा. कॅननमधे गवताचा फोटो आधी काढून मग मेनूतून तो निवडायचा, निकॉनमधे पीआरई मधे जाऊन मोजायचं, आणि निकॉननं नो गुड असं लुकलुकून दाखवलं तर एक्स्पोजर कमीजास्त करून परत बघा. जमलं की गवत पांढरट-करडं होतं आणि आकाश तपकिरी, विटकरी. इथं बरेच जण निराश होतात, पण हेच बरोबर आहे, पुढचं काम कॉम्प्युटरवर.

एक अडचण सांगून ठेवते. लाईटरूम आणि फोटोशॉपचं रॉ मॉड्यूल व्हाईट बॅलन्समधे २००० केल्विनच्या खाली उतरत नाही, त्यामुळे रॉ उघडला की परत लाल. त्यावर कस्टम कॅमेरा प्रोफाइल बनवायचा उपाय आहे, पण सुरुवातीला सरळ कॅननचं डीपीपी किंवा निकॉनचं एनएक्स स्टुडिओ वापरा, दोन्ही फुकट आहेत आणि कॅमेऱ्यात लावलेला व्हाईट बॅलन्स मानतात, तिथून टिफ फाइल बाहेर काढायची. रॉथेरपी पण फुकट आहे आणि त्याची रेंज त्याहून खाली जाते.

ते निळं आकाश आणि पांढरी झाडं, ते कसं करतात?

लाल आणि निळ्या चॅनलची अदलाबदल. गिंप असो की फोटोशॉप, चॅनल मिक्सर उघडा, आउटपुट लाल निवडून त्यात लाल ० आणि निळा १०० करा, मग आउटपुट निळा निवडून त्यात लाल १०० आणि निळा ०, हिरव्याला हात लावू नका. तपकिरी आकाश झटक्यात निळं होतं. मग लेव्हल्स, थोडा कॉन्ट्रास्ट, झालं.

माझं स्पष्ट मत विचाराल तर चार-पाच फोटो असे करून हौस फिटली की ब्लॅक अँड व्हाईटकडं वळा. निळं आकाश आणि गुलाबीसर पांढरी झाडं बघून लोक वा म्हणतात, पण ते इफेक्टला म्हणतात, फोटोला नाही, आणि कंपोझिशन ढिसाळ असेल तर ते सगळं त्या रंगात लपून जातं आणि आपल्यालाही कळत नाही. काळ्या-पांढऱ्यात लपायला जागा नसते.

फोटोच्या मधोमध पांढरट गोल डाग येतो.

त्याला हॉटस्पॉट म्हणतात. लेन्सच्या आतले कोटिंग आणि ॲपर्चरची पाती दिसणाऱ्या प्रकाशासाठी काळी केलेली असतात, इन्फ्रारेडला ती तेवढी काळी नसतात, प्रकाश आतल्या आत परावर्तित होऊन मधे गोळा होतो. ॲपर्चर जितकं बारीक तितका डाग ठळक, म्हणून एफ/५.६ वर काढून बघा. महाग लेन्स म्हणजे हॉटस्पॉट नाही असं अजिबात नाही, कधी कधी फुकटातली किट लेन्स स्वच्छ निघते आणि नावाजलेली प्राइम (झूम नसलेली लेन्स) डाग दाखवते. प्रत्येक लेन्स एफ/४ पासून एफ/१६ पर्यंत एकदा तपासून कुठपर्यंत स्वच्छ आहे ते लिहून ठेवा.

कधी आणि कुठं काढायचे?

इथं नेहमीच्या फोटोग्राफीची सगळी शिकवण उलटी करायची. सकाळचं सोनेरी ऊन वगैरे विसरा, इन्फ्रारेडला पाहिजे टळटळीत दुपार, अकरा ते तीन, ज्या वेळी बाकीचे फोटोवाले कॅमेरा बॅगेत टाकून जेवायला बसतात. कुटुंबाबरोबर फिरायला गेल्यावर नेमके याच वेळी तुम्ही कुठंतरी पोचलेले असता, तेव्हा हा छंद संसारी माणसाला सोयीचा आहे.

महिना विचाराल तर सप्टेंबरचा शेवट ते नोव्हेंबर. पाऊस गेलेला, हवा धुतलेली, डोंगर अजून हिरवे आणि डोक्यावर ऑक्टोबर हीट, वर तुरळक पांढरे ढग, यापेक्षा चांगलं इन्फ्रारेडला काही नाही. भर जुलैत ऊनच नसतं, ढगाळ प्रकाशात फोटो येतात पण सपाट, आणि एक्स्पोजर फार लांबतं. एप्रिल-मे मधे माळरान वाळलेलं असतं पण वड, पिंपळ, आंबा आहेतच, पिंपळाची नवी पालवी डोळ्याला तांबूस दिसली तरी इन्फ्रारेडमधे उजळच येते.

जागा म्हणाल तर वाईजवळचं मेणवली घ्या. नाना फडणवीसांच्या वाड्यामागं कृष्णेवरचा घाट आहे. दुपारी बाराच्या उन्हात तिथं डोळ्याला सगळं करपलेलं, फिकट दिसतं, नेहमीच्या कॅमेऱ्यानं काढलेला फोटो तुम्ही डिलीटच कराल. तोच ७२० मधून बघा, पायऱ्या काळ्या, पाणी त्याहून काळं, वीस सेकंदात लाटा पुसल्या गेल्यामुळे काचेसारखं सपाट, आणि काठावरची झाडी त्यावर पांढरी फेक उजळलेली, पायरीच्या फटीत उगवलेलं एकेक गवताचं पातं सुद्धा मोजता येईल इतकं वेगळं. सिन्नरचं गोंदेश्वर मंदिर हे दुसरं, यादवांच्या काळातलं काळ्या दगडाचं, आजूबाजूला गवत. फक्त पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित जागी ट्रायपॉडला आधी परवानगी लागते, तिथं वॉचमनशी हुज्जत घालून काही होत नाही, परवानगी काढा नाहीतर कन्व्हर्ट केलेला (आतली काच बदलून घेतलेला, खाली सांगितलंय) कॅमेरा हातात धरून काढा.

किल्ल्यांवरून लांबचे डोंगर काढायलाही मजा येते. सिंहगडावरून राजगड-तोरणा बऱ्याचदा निळसर धुरकटात हरवलेले असतात, इन्फ्रारेड त्या धुरकटातून बरंच आरपार बघतं. धुकं आणि ढगातून मात्र नाही बघत, थेंब मोठे असतात, वर सांगितलंच.

कोकणात माडांचे फोटो काढायचे असतील तर वारा पडायची वाट बघा, लांब एक्स्पोजरमधे झावळ्यांचा पांढरा धूर होतो. आणि कासच्या पठारावर फक्त इन्फ्रारेड कॅमेरा घेऊन जाऊ नका, पिवळी सोनकी काय आणि गुलाबी तेरडा काय, सगळं एकाच पांढऱ्या रंगात जातं. गुलमोहराचंही तेच.

माणसांचे फोटो कसे येतात?

चमत्कारिक. त्वचेतलं मेलॅनिन इन्फ्रारेड फार शोषत नाही, म्हणून सगळ्यांचीच कातडी उजळ आणि मेणासारखी गुळगुळीत दिसते, डाग-मुरुम गायब, पण हाताच्या, कपाळाच्या शिरा उठून दिसतात. तपकिरी डोळ्यांची बुबुळं फिकट होतात आणि आतली नक्षी दिसते. आधारसाठी बुबुळं स्कॅन करायचं मशीन इन्फ्रारेडच वापरतं ते याच कारणासाठी. दहा-वीस सेकंद कुणी हलल्याशिवाय बसत नाही, तेव्हा पोर्ट्रेट कन्व्हर्ट केलेल्या कॅमेऱ्यावरच.

खरंच कपड्यांच्या आरपार दिसतं का?

हा प्रश्न जरा दबक्या आवाजात येतोच. १९९८ मधे सोनीच्या हँडीकॅमच्या नाईटशॉटवरून (अंधारात इन्फ्रारेडनं शूट करायची सोय) यावर मोठी बोंबाबोंब झाली होती आणि कंपनीला कॅमेऱ्यात बदल करावा लागला होता. काही पातळ, गडद सिंथेटिक कापडं इन्फ्रारेडमधे फिकट आणि थोडी पारदर्शक होतात, बाकी बहुतेक कपड्यांत तसलं काही दिसत नाही. या कारणासाठी कॅमेरा घ्यायचा विचार असेल तर कृपया घेऊ नका. आणि ज्यांचे फोटो काढणार त्यांना आधी सांगा की हा इन्फ्रारेड आहे.

ताई, घरात किंवा रात्री काढता येतात का?

घरात एलईडी बल्ब असतील तर काही येणार नाही, त्यातून इन्फ्रारेड जवळपास निघतच नाही. जुना पिवळा बल्ब किंवा हॅलोजन मात्र इन्फ्रारेडचा धबधबा आहे. कॅमेऱ्याच्या फ्लॅशमधूनही भरपूर निघतो.

कॅमेरा कन्व्हर्ट करून घेऊ का?

आधी फिल्टर लावून एक सीझन काढा. ट्रायपॉड वाहून नेऊन, फिल्टर लाव-काढ करून, वीस वीस सेकंद थांबूनही मजा येत असेल तर करा. बरेच लोक पहिल्या महिन्यात हौस फिटून मोकळे होतात आणि त्यात वाईट काही नाही, फिल्टरवर फार पैसे गेलेले नसतात.

कन्व्हर्जन म्हणजे सेन्सरपुढची ती हॉट मिररची काच काढून तिच्या जागी दुसरी बसवायची. जागी ७२० चीच काच बसवली तर लेन्सपुढं काहीच लावावं लागत नाही, व्ह्यूफाइंडर स्वच्छ दिसतो, उन्हात १/२०० च्या आसपास शटर मिळतं आणि हातात धरून फोटो काढता येतात, पण कॅमेरा कायमचा इन्फ्रारेड झाला. दुसरा प्रकार फुल स्पेक्ट्रम, साधी पारदर्शक काच, मग समोर पाहिजे तो फिल्टर. ऐकायला दुसरा चांगला वाटतो, पण डीएसएलआरवर फिल्टर समोर लावला की व्ह्यूफाइंडर परत काळा, म्हणजे निम्मा त्रास तसाच. म्हणून डीएसएलआर असेल तर ७२० बसवून घ्या आणि फुल स्पेक्ट्रम मिररलेसला ठेवा, मिररलेसमधे सेन्सर जे बघतो तेच डोळ्याला दिसतं. ५९० चाही पर्याय असतो, त्यात झाडं सोनेरी-पिवळी होतात, मला ते लवकर कंटाळवाणं वाटतं पण आवडणारे पुष्कळ आहेत.

करून घेताना ऑटोफोकस इन्फ्रारेडला ॲडजस्ट करून मिळणार का आणि कुठल्या लेन्सवर, हे आधी विचारा, नाहीतर एवढं करून फोकस चुकतोच. अमेरिकेत असाल तर लाईफ पिक्सेल, कोलारी व्हिजन यांची तीच कामं आहेत. भारतातून कॅमेरा बाहेर पाठवणार असाल तर तो कामासाठी जातोय आणि परत येणार आहे याची कस्टमची कागदपत्रं आधीच नीट करा, नाहीतर स्वतःच्याच जुन्या कॅमेऱ्यावर परत येताना ड्युटी भरायची वेळ येईल.

व्हिडिओ बघून स्वतःच उघडतो की.

उघडणारे आहेत, पण फ्लॅशचा कपॅसिटर ३०० व्होल्टच्या आसपास भरलेला असतो आणि बॅटरी काढली तरी लगेच उतरत नाही. बोट लागलं की हात दाखवून अवलक्षण. शिवाय रिबन केबल नाजूक, धूळ आत गेली की प्रत्येक फोटोत, आणि नवीन काच जाडीला वेगळी असेल तर इन्फिनिटीला, म्हणजे खूप लांबच्या वस्तूवर, फोकसच होत नाही. वॉरंटीतला कॅमेरा तर अजिबात उघडू नका. बंद पडला तरी हळहळ वाटणार नाही असा जुना असेल तर तुमची मर्जी.

डोळ्यांना काही धोका?

फिल्टर डोळ्याला लावून सूर्याकडं बघू नका, हे मात्र गंभीरपणे घ्या. काच काळी आहे म्हणजे सुरक्षित आहे असं वाटतं, पण ती फक्त दिसणारा प्रकाश अडवते, इन्फ्रारेड सगळा आत सोडते, अंधारामुळे डोळ्याची बाहुली मोठी झालेली असते आणि आत काय पोचतंय ते जाणवतही नाही. ग्रहण बघायला हा फिल्टर वापरायचा नाही. व्ह्यूफाइंडरमधूनही सूर्याकडं नाही.

फोटोशॉपमधे एका क्लिकवर इन्फ्रारेड इफेक्ट मिळतो, मग एवढा खटाटोप कशाला?

तो इफेक्ट हिरवा रंग शोधतो आणि पांढरा करतो. त्याला पान आणि हिरवा ऑइलपेंट लावलेलं दार यातला फरक कळत नाही, दोन्ही पांढरं. खऱ्या इन्फ्रारेडमधे पान उजळतं आणि बरेचसे हिरवे रंग मात्र गडदच राहतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात याच फरकासाठी खास इन्फ्रारेड फिल्म बनवली होती, हिरव्या रंगाचं आच्छादन टाकून लपवलेल्या गाड्या आणि खरी झाडी विमानातून वेगळी ओळखायला. इस्रोच्या, १९८८ मधे सोडलेल्या आयआरएस-१ए उपग्रहात सुद्धा पिकांसाठी निअर इन्फ्रारेडचा पट्टा होता, तसल्या नकाशात शेतं लालभडक दिसतात कारण इन्फ्रारेडला तिथं लाल रंग दिलेला असतो. क्लिक मारून दिसायला तसं दिसेल, पण समोर खरंच काय होतं ते त्यात नसतं.

मोबाईलवर जमेल का?

मागच्या मुख्य कॅमेऱ्यावर जवळपास नाही. सेल्फी कॅमेऱ्यावर ७२० चा फिल्टर धरून भर उन्हात काहीतरी दाणेदार, लालसर येतं, गंमत म्हणून ठीक.